अब्बांना पटेल का?

दोन महिन्यांपूर्वी आमच्या टपालात एक जाड पाकीट आले. आत वहीची सहा पाने, दोन्ही बाजूंनी निळ्या शाईत लिहिलेली, आणि वर पिन केलेली चिठ्ठी : ‘हा निबंध छापण्यासाठी नाही. अब्बांना वाचायला द्यायचा आहे. त्याआधी तो कसा झाला आहे ते सांगा. कौतुक नको, खरे सांगा.’

निबंधाचे शीर्षक होते, ‘मुस्लिम मुलींचे उच्च शिक्षण : काळाची गरज’. लिहिणारी मुलगी बारावी विज्ञान शाखेतून पास झालेली. तिला बी.एस्सी. नर्सिंग करायचे आहे. कॉलेज दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणजे चार वर्षे हॉस्टेल. अब्बा ‘नको’ म्हणतात. अम्मी काहीच म्हणत नाहीत. बोलायला गेले की आवाज चढतो, म्हणून तिने लिहून द्यायचे ठरवले. तिच्या परवानगीने आणि नाव-गाव गाळून आम्ही हे लिहीत आहोत.

अशा पत्राला दोन उत्तरे सोपी असतात. एक म्हणजे ‘शाबास बेटी’ असे लिहून मोकळे होणे. दुसरे म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल शाईने दाखवणे. शाळेत निबंध तपासतात ते असेच. सुरुवात आकर्षक, शेवट परिणामकारक, सुविचार दोन, दहापैकी सात गुण. पण या निबंधाला गुण देणारे आम्ही नव्हतोच. गुण देणारे तिचे अब्बा होते आणि त्यांच्याकडे दोनच गुण होते, हो किंवा नाही.

खरे सांगायचे तर पहिल्या वाचनात निबंध आम्हाला आवडला. मग लक्षात आले की आवडला तो निबंध नव्हे, त्यातले मत. मुलींनी शिकावे हे आमचेही मत आहे, त्यामुळे प्रत्येक वाक्यावर आमची मान आपोआप हलत होती. ज्याचे मत आधीपासून तेच आहे त्याची मान हलवणे ही निबंधाची ताकद नव्हे. म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही तो तिच्या अब्बांच्या खुर्चीत बसून वाचला, आणि तिसऱ्या पानावर थांबलो. तिथे लिहिले होते की मुलींना शिकू न देणारे पालक जाहिलियतच्या काळातील लोकांसारखे आहेत. ज्यांच्या हातात हा कागद द्यायचा, त्यांनाच ती हे म्हणत होती.

उत्तर लिहायला बसलो तेव्हा एका जुन्या उर्दू पुस्तकाची आठवण झाली. तेही पटवण्यासाठीच लिहिलेले, विषयही जवळचा, आणि ज्या मोठ्या माणसाला ते आधी दाखवले त्याने ते फाडून टाकले होते.

पुस्तकाचे नाव ‘हुकूक-ए-निस्वाँ’, म्हणजे स्त्रियांचे हक्क. लेखक सय्यद मुमताज अली. देवबंदला शिकलेले, नंतर इंग्रजी शिक्षणही घेतलेले आणि लाहोरला स्थायिक झालेले. हस्तलिखित घेऊन ते अलिगढला सर सय्यद अहमद खान यांच्याकडे गेले. सर सय्यद यांनी ते एका ठिकाणी उघडून वाचले आणि चकित झाले. दुसऱ्या ठिकाणी उघडले, चेहरा लाल झाला. तिसऱ्या ठिकाणी वाचताना हात थरथरू लागले. शेवटी त्यांनी कागद फाडले आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकले. तेवढ्यात नोकराने जेवण तयार असल्याचे सांगितले, सर सय्यद उठून गेले आणि मुमताज अलींनी टोपलीतून आपले फाटके कागद उचलून घेतले. सर सय्यद यांचा इंतकाल २७ मार्च १८९८ रोजी झाला. पुस्तक त्यानंतर, त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

हा प्रसंग सांगताना सर सय्यद यांना खलनायक करणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. एका अख्ख्या पिढीला आधुनिक शिक्षणाच्या दारात नेऊन उभे करणारा हा माणूस. १८८२ च्या शिक्षण आयोगापुढे त्यांनी आपले म्हणणे मांडले होते की आधी पुरुष नीट शिकले पाहिजेत, त्यांच्यामागून स्त्रियांचे शिक्षण येईल. म्हणजे त्यांच्याकडे उत्तर होते, युक्तिवाद होता. तरीही हातात आलेला निबंध त्यांनी तीन ठिकाणी उघडून पाहिला आणि फाडला. सगळा वाचला नाही. आपल्या घरांतही असेच होते. कुणी एखादा लेख पुढे करतो, आपण पहिल्या चार ओळी आणि लेखकाचे नाव पाहतो, आणि ‘बरोबर आहे’ किंवा ‘हे लोक असेच लिहिणार’ म्हणून बाजूला ठेवतो. दोन्ही वेळा निबंध वाचलेला नसतोच.

आता त्या निबंधाची ताकद कशात आहे ते पाहू. आम्ही पुस्तकाच्या पहिल्या भागाबद्दल बोलत आहोत. पुढील भागांत शिक्षण, पडदा, विवाहाच्या चालीरीती आणि पती-पत्नीचे नाते हे विषय येतात. पहिला भाग मात्र एकाच प्रश्नावर आहे : पुरुष जन्मतःच स्त्रीहून श्रेष्ठ आहे काय?

मुमताज अली आपले मत सांगून सुरुवात करीत नाहीत. ते विरोधकांची कारणे एकेक करून मांडतात. पुरुष शरीराने बलवान आहे. हजरत आदम (अ.) आधी निर्माण झाले, हजरत हव्वा (अ.) नंतर. एका पुरुषाच्या साक्षीच्या जागी दोन स्त्रियांची साक्ष सांगितली आहे. वारशात पुरुषाचा हिस्सा दुप्पट आहे. पुरुषाला चार निकाहांची मुभा आहे. त्या काळच्या बैठकीत, मदरशात, जेवणाच्या दस्तरखानावर जे जे बोलले जाई ते सगळे त्यांनी गोळा केले आणि त्यातले अवघड टाळले नाही. सूरह निसामधील पुरुष ‘कव्वाम’ असल्याची आयतही ते समोर घेतात. दुबळा लेखक काय करतो? विरोधकाचे सर्वांत कच्चे कारण निवडतो, ते पाडतो आणि विजयाची घोषणा करतो. मुमताज अलींनी तसे केले नाही, ही आमच्या मते त्या निबंधाची सर्वांत मोठी ताकद.

दुसरी ताकद अशी की ते वाचकाला मान्य असलेल्या प्रमाणांवरच उभे राहतात. त्यांचा वाचक शरीफ घराण्यातला, दीनदार, कुरआन-हदीस मानणारा पुरुष. त्याच्यापुढे युरोपातल्या विचारवंतांची नावे टाकली असती तर पुस्तक तिथेच मिटले असते. म्हणून ते आयतींचा अर्थ, त्यांचा संदर्भ, फिकहचे नियम यांच्या आधारे बोलतात. देवबंदचे शिक्षण इथे कामी येते. आणि वारंवार विचारतात : हे शरीअतने सांगितले आहे की आपल्या रिवाजाने? पडद्याच्या भागात हा फरक फार बारकाईने येतो, मेहर आणि लग्नखर्चाच्या भागातही.

आणि विनोद. शरीरबळाच्या मुद्द्यावर ते विचारतात की गाढव माणसापेक्षा जास्त ओझे वाहते, मग ते माणसाहून श्रेष्ठ ठरते काय? आदम (अ.) आधी निर्माण झाले यावर त्यांचे उत्तर असे की कदाचित अल्लाहला हजरत हव्वांना क्षणभरही एकटे ठेवायचे नव्हते, म्हणून त्यांच्या सोबतीची सोय आधी केली!

इथे थोडे थांबावे लागेल. वाचताना हसू येते आणि हसू आले की वाटते, मुद्दा सिद्ध झाला. पण कोणता मुद्दा? आदम-हव्वांबद्दलचे उत्तर स्त्री श्रेष्ठ असल्याचा पुरावा मानले तर ते अगदी कच्चे आहे, कारण ‘आधी कोण’ यावरून दर्जा ठरवण्याचा जो दोष विरोधकात, तोच त्यात. पण मुमताज अलींना ते सिद्ध करायचेच नाही. त्यांना दाखवायचे आहे की एकाच घटनेचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो, म्हणून त्या घटनेवरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरत नाही. खंडन म्हणून उत्तर पक्के आहे, सिद्धता म्हणून नाही. दुसऱ्याचे घर पाडणे आणि आपले बांधणे ही दोन वेगळी कामे आहेत. निबंध तपासताना हे वेगळे पाहावे लागते. खूपसे जोरदार वाटणारे निबंध फक्त पाडकाम करतात. वाचक टाळ्या वाजवतो आणि घरी जाऊन जसे होते तसेच राहतो.

कच्च्या बाजूही आहेत आणि आम्हाला पुस्तक प्रिय असले तरी त्या सांगितल्या पाहिजेत. एक म्हणजे सगळे पुस्तक स्त्रियांबद्दल आहे, पण ते पुरुषाने पुरुषांशी केलेले बोलणे आहे. जिच्या हक्कांचा वाद चालला आहे तिला काय वाटते हे विचारण्याची गरज निबंधाला भासत नाही. आमच्या मराठीत १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. ती वाचताना नेमका उलटा अनुभव येतो. तिथे प्रमाणांची मांडणी कमी आणि संताप फार, पण बोलणारी बाई स्वतः समोर उभी असते. विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या सुरतेतील खटल्याने ताराबाईंची लेखणी पेटली होती. त्या छोट्या पुस्तकावर इतकी टीका झाली की महात्मा फुले यांना ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक काही आले नाही. ताराबाईंचा निबंध वाचकाला हादरवतो, पण ज्या पुरुषाला पटवायचे तो पहिल्या शिवीलाच उठून जाण्याची शक्यता. मुमताज अलींचा निबंध त्याला बसवून ठेवतो, पण पाठीमागच्या खोलीतला आवाज त्याच्या कानावर पडू देत नाही.

दुसरी कच्ची बाजू आम्हाला अधिक गंभीर वाटते. स्त्रीला शिक्षण का द्यावे, याच्या त्यांच्या कारणांत एका कारणावर मोठा भर आहे. शिकलेल्या पतीला मनाजोगी सोबतीण मिळावी, संसारात स्नेह यावा. त्या वाचकाला हे लगेच पटणारे होते, त्यामुळे चतुर म्हणावे लागेल. पण जे कारण आज दार उघडते तेच उद्या उंबरठा होते. पतीसाठी शिकायचे, तर जिचा निकाह झाला नाही तिने? जी विधवा झाली, जिला तलाक मिळाला तिने? आणि पतीलाच नको असेल तर? पटवण्यासाठी घेतलेला आधार मूळ मागणीपेक्षा लहान असेल तर मागणीही हळूहळू त्याच मापाची होते. ‘शिकलेल्या मुलीला चांगले स्थळ येते’ असे आपण आजही म्हणतो, तेव्हा हेच करीत असतो.

पुस्तकाने किती घरे बदलली हे मोजता येत नाही. पण त्या दांपत्याने केवळ पुस्तकावर भिस्त ठेवली नाही. १ जुलै १८९८ रोजी ‘तहजीब-ए-निस्वाँ’ हे स्त्रियांसाठीचे साप्ताहिक सुरू झाले आणि त्याच्या संपादक होत्या मुमताज अलींच्या पत्नी मुहम्मदी बेगम. सुरुवातीला अंक लोकांना फुकट पाठवले, तर काहींनी त्यावर घाणेरडे शेरे लिहून परत केले. मुहम्मदी बेगम १९०८ मध्ये, ऐन उमेदीत वारल्या, पण पत्र पुढे चार दशके चालले. (‘अनारकली’ हे गाजलेले उर्दू नाटक लिहिणारे इम्तियाज अली ताज हे याच दांपत्याचे चिरंजीव.) घरकाम, मुलांचे संगोपन, रिवाजांचा खर्च, वाचक स्त्रियांची स्वतःची पत्रे असे सगळे त्या पत्रात येई. पुस्तकात जो आवाज नव्हता तो इथे आला.

आता त्या मुलीच्या सहा पानांकडे येऊ.

तिचा निबंध ‘इकरा’पासून सुरू होतो, जसे अशा बहुतेक निबंधांचे होते. लगेच पुढे ‘ज्ञान मिळवण्यासाठी चीनला जावे लागले तरी जा’ ही हदीस. आम्ही तिला लिहिले की हे वाक्य काढ. हदीसच्या जाणकारांनी ते दुर्बळ ठरवले आहे, इब्न जौजींनी तर बनावट रिवायतींच्या आपल्या संग्रहात त्याची नोंद केली आहे. अब्बांच्या बैठकीत एखादे हाफिज-मौलाना असतीलच. त्यांनी एवढे एक वाक्य दाखवून दिले की उरलेली साडेपाच पाने अब्बा वाचणार नाहीत. पाच पक्क्या आधारांत एक कच्चा मिसळला तर जोर पाचाचा राहत नाही, कच्च्याचाच राहतो. ज्ञान मिळवणे प्रत्येक मुस्लिमावर बंधनकारक असल्याची रिवायत इब्न माजामध्ये आहे. तिने त्यापुढे ‘आणि प्रत्येक मुस्लिम स्त्रीवर’ असे जोडले होते. हे शब्द लोकांच्या तोंडी रुळले आहेत, पण मूळ रिवायतीत नाहीत. उलमांनी ‘मुस्लिम’ या शब्दातच स्त्रियाही धरल्या आहेत, मग आपण भर कशाला घालायची?

त्यापेक्षा तिच्या विषयाला थेट भिडणारे आधार सहीह बुखारीतच आहेत. स्त्रियांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे तक्रार केली की पुरुष आपल्याला मागे टाकतात, आमच्यासाठी एक दिवस ठरवून द्या. आपण (स.) दिवस ठरवून दिला आणि त्यांना शिकवले. दुसरे, हजरत रुबय्यि बिन्ते मुअव्विज (रजि.) सांगतात की त्या आणि इतर स्त्रिया युद्धात सोबत असत, पाणी पाजत, जखमींवर उपचार करीत. सीरतच्या ग्रंथांत हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूचा उल्लेख येतो, जिथे खंदकच्या लढाईतील जखमी हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना ठेवले होते. नर्सिंगला जायचे म्हणणाऱ्या मुलीच्या निबंधात या दोघींपैकी एकही नाव नव्हते आणि चीन मात्र होता!

‘सर्व समाज मागासलेला आहे’, ‘प्रत्येक शिकलेली मुलगी घराण्याचे नाव उज्ज्वल करते’, अशी वाक्ये आम्ही अधोरेखित केली. ‘सर्व’ आणि ‘प्रत्येक’ म्हटले की वाचकाला एकच उलट उदाहरण पुरते, आणि प्रत्येक अब्बांकडे असे एक उदाहरण तयार असते. फलाण्याची मुलगी शिकायला गेली आणि पुढे काय झाले, ते मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत असते.

पण सहा पानांत एक परिच्छेद होता, चौथ्या पानावर, अगदी सात ओळींचा. दादीला रक्तदाबाची गोळी चालू होती. पाकिटावर लिहिलेले घरात दिवसा कुणाला वाचता येत नव्हते. सकाळची आणि रात्रीची गोळी अदलाबदल होऊन आठवडा गेला, दादी न्हाणीघरात पडली. नर्सने पाकिटांवर एकावर सूर्य आणि एकावर चंद्र काढून दिला, तेव्हापासून चूक झाली नाही. एवढेच. तिने स्वतः पाहिलेले, अब्बांनीही पाहिलेले, कुणाला दोष न देणारे. निबंधातली सर्वांत पक्की जागा ती होती आणि तिने ती मधे कुठेतरी टाकून पुढे ‘एकविसाव्या शतकात’ असे म्हणत भाषण सुरू केले होते.

आणि जे नव्हते ते सर्वांत महत्त्वाचे. अब्बा नको का म्हणतात, हे सहा पानांत कुठेही लिहिलेले नव्हते. आम्ही तिला विचारले. तिने दुसऱ्या पत्रात चार कारणे कळवली. रात्रपाळी. पुरुष रुग्ण. हॉस्टेलचा खर्च, कारण दुकान सध्या बेताचे चालते आणि मागे दोन भावंडे आहेत. आणि चार वर्षांनी वय बावीस होईल, मग स्थळांचे काय.

ही कारणे जाहिलियतची नाहीत. एका बापाच्या काळजीची आहेत आणि त्यातली एकही मुलींच्या शिक्षणाच्या विरोधात नाही. तिचा निबंध ‘मुलींनी शिकावे की नाही’ या प्रश्नाचे उत्तर देत होता, आणि अब्बांनी तो प्रश्न विचारलाच नव्हता. मुमताज अलींनी विरोधकांची कारणे त्यांच्याच शब्दांत आधी मांडली. तू तेवढे कर, असे आम्ही लिहिले. ज्या कारणाला तुझ्याकडे उत्तर आहे ते दे. जिथे अर्धेच उत्तर आहे तिथे अर्धे आहे असे लिही. रात्रपाळी असते, ती नसते असे लिहू नकोस. कॉलेजात जाऊन विचार की विद्यार्थिनींना रात्रपाळी कोणत्या वर्षापासून, हॉस्टेल कॉलेजच्याच आवारात आहे का, सोबत कोण असते. स्थळाच्या मुद्द्यावर ‘नर्सला चांगले स्थळ येते’ हा युक्तिवाद वापरायचा की नाही ते तू ठरव. आम्हाला तो आवडत नाही. कारण वर सांगितलेच आहे. पण अब्बा तुझे आहेत.

गेल्या आठवड्यात तिचे तिसरे पत्र आले. निबंध दोन पानांचा झाला. शीर्षक गेले, ‘अब्बा, अस्सलामु अलैकुम’ अशी सुरुवात झाली आणि पहिल्याच परिच्छेदात दादीची गोळी. मग रात्रपाळी. फजरनंतर अब्बा चहा घेतात तेव्हा तिने तो कागद चष्म्याच्या डबीखाली ठेवला आणि आत निघून गेली. त्यांनी दोनदा वाचला असे अम्मी सांगतात. दुपारी दुकानातून जेवायला आले तेव्हा कागद खिशात होता. जेवताना काही बोलले नाहीत. हात धुताना एवढेच विचारले की हॉस्टेलची फी सहा महिन्यांची आहे की वर्षाची.

ते तिने लिहिलेले नव्हते. सोमवारी अम्मीला घेऊन ती कॉलेजात विचारायला जाणार आहे.